‘राहू दे’चा दंड

वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीत आता दातांचे दवाखाने इतके झालेत, की एका दवाखान्यातून गाल धरून बाहेर पडलेला माणूस रिक्षाची वाट बघत उभा राहतो तो दुसऱ्या दवाखान्याच्या पायरीवर. डॉक्टर सरोजिनी राऊतांचा दवाखाना त्यातला सगळ्यात जुना. पहिला मजला, लिफ्ट नाही, पाटीवरचा रंग उडालेला. तरी जिन्यावर माणसं बसलेली असायची, आणि ती काही जवळ पडतं म्हणून आलेली नसायची. निर्मळहून, भुईगावहून, रेल्वेपलीकडून दोन-दोन रिक्षा बदलून यायची. कशाला, तर बाईंच्या तोंडचे दोन शब्द ऐकायला.

बाई तोंडात आरसा घालायच्या, सळईच्या मागच्या टोकानं दातावर टकटक करायच्या.

“दुखतं?”

“नाही.”

“थंड पाणी लागतं?”

“नाही.”

“मग राहू दे. सहा महिन्यांनी दाखव.”

संपलं. माणूस चपला घालून खाली. जिना उतरता उतरता ठणका थांबला, असंही काहीजण सांगायचे. त्यात काही अर्थ नाही, पण सांगायचे.

आता कुणी म्हणेल, ‘राहू दे’ म्हणायला डॉक्टर कशाला लागतो? लागतो. कारण बाई ते सगळ्यांना म्हणायच्या नाहीत. वसईगावचा बॅप्टिस्ट लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. दाढ साफ करायला आला होता. बाईंनी त्याचा गाल आतून बोटानं चाचपला आणि हातमोजा काढत म्हणाल्या, “हे नाही राहू द्यायचं, बॅप्टिस्ट. उद्या सकाळी परळला जा.” त्यानं का विचारलं नाही, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू का म्हणाला नाही, की बायकोशी बोलतो म्हणाला नाही. पहाटेची गाडी धरून परळच्या कॅन्सरच्या हॉस्पिटलात गेला. आता तो ट्रम्पेट वाजवत नाही, ड्रम वाजवतो. पण वाजवतो. ज्या बाई उठसूट ‘राहू दे’ म्हणतात, त्या जेव्हा म्हणत नाहीत तेव्हा निमूट ऐकायचं, हे गावोगावच्या माणसांना कुणी न शिकवता कळलं होतं. बाईंची सगळी डॉक्टरकी त्या विश्वासावर उभी होती. भिंतीवरची पदवी कुणी वाचलीच नव्हती.

तर अशा दवाखान्यात संग्राम आला.

संग्राम त्यांचा एकुलता एक मुलगा. नवरा लवकर गेला, तेव्हापासून बाईंनी त्याला एकटीनं वाढवला, एमबीए केला, मुंबईतल्या कंपनीत चिकटलेला बघितला. मग एका सकाळी कंपनीनं त्याला एक मेल पाठवून घरी बसवलं. सुरुवातीला तो म्हणाला, बरं झालं, कंटाळलोच होतो. पुढे पुढे खोलीचे पडदे उघडेनासा झाला. दाढी वाढली. बाई ताट घेऊन दार ठोठावायच्या, आणि संध्याकाळी तेच ताट अर्धं भरलेलं उचलायच्या. दुसऱ्यांची तोंडं उघडायला लावून जन्म गेला आणि पोटच्या पोराचं तोंड उघडता येईना. रोज दवाखान्यातून परत येताना जिन्यातच त्यांच्या मनात यायचं, आज दार आतून बंद असेल तर काय.

त्यात दातांचं सामान पुरवणाऱ्या माणसानं त्यांना एका शिबिराचा पास दिला. हायवेवरच्या हॉटेलात, ‘दवाखान्याची उत्पादकता आणि व्यवसायवाढ’. बाईंना असल्या गोष्टीत काडीचा रस नव्हता. त्यांनी तो पास संग्रामपुढे टाकला. “जाऊन ये. निदान जेवण तरी चांगलं असेल.”

संग्राम गेला आणि परत आला तो दाढी करूनच. त्या रात्री जेवताना तो इतकं बोलला, की हाताला लागलेला भात वाळून गेला. खुर्ची रिकामी किती वेळ राहते, पेशंट किती वेळा ‘बघतो’ म्हणून जातो, गेलेला पेशंट परत कसा आणायचा. बाईंना त्यातलं निम्मंही कळलं नाही. त्या फक्त त्याच्या ताटाकडे बघत होत्या. त्यानं दुसऱ्यांदा आमटी घेतली. “उद्यापासून दवाखान्यात ये,” त्या म्हणाल्या. त्यानं दवाखाना विकायचा म्हटलं असतं, तरी त्या वेळी त्या हो म्हणाल्या असत्या.

आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला त्यानं जे केलं ते चांगलंच केलं. वेळा ठरवल्या, त्यामुळे जिन्यावर ताटकळणं बंद झालं. रोझलिन, बाईंची जुनी मदतनीस, पूर्वी एकाच वेळी फोन घ्यायची, हत्यारं उकळायची आणि पोरांना गप्प करायची. तिला त्यानं धड एक टेबल दिलं. पाटीला रंग मारला. बाईंची कंबर संध्याकाळी पूर्वीसारखी धरेनाशी झाली. पोरगा हुशार आहे, त्या स्वतःशीच म्हणायच्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

मग एके दिवशी तो लॅपटॉप घेऊन त्यांच्यासमोर बसला.

“आई, तुझा सगळ्यात मोठा कॉम्पिटिटर कोण, सांग.”

“समोरचा तो एसीवाला.”

“नाही. तुझं ‘राहू दे’.” त्यानं स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. “गेल्या वर्षभरात तू सगळ्यात जास्त दिलेली ट्रीटमेंट ही आहे. ट्रीटमेंटच नाही ती! माणूस खुर्चीत बसतो, तू वेळ देतेस, आणि मग त्याला घरी पाठवतेस.”

“ज्याला काही झालंच नाही त्याला घरीच पाठवायचं असतं, बाळा.”

“झालं नाही हे तू ठरवतेस. त्याला दिसू दे ना. ठरवू दे त्याला.”

बाई हसल्या. त्यांना वाटलं, पोराला हौस आहे, फिटू दे. पण दुसऱ्या दिवशी टेबलावर एक गल्ला आला. पांढरा, प्लॅस्टिकचा, दाढेच्या आकाराचा. टूथपेस्ट कंपनीच्या माणसानं फुकट दिलेला. जो ‘राहू दे’ म्हणेल त्यानं त्यात दहा रुपये टाकायचे, असा संग्रामनं नियम केला. महिनाअखेर सगळ्यांनी त्यात आइस्क्रीम खायचं. पहिला दंड रोझलिनला बसला. चहावाल्यानं सुट्टे नाहीत म्हटलं, आणि ती सवयीनं बोलून गेली, “राहू दे रे, उद्या दे.” सगळे खो खो हसले. बाईही हसल्या. पुढच्या आठवडाभर त्या स्वतःच गल्ला भरत होत्या. शब्द तोंडातून निसटायचा आणि समोरून संग्राम गल्ला खुळखुळवायचा. “आई! दंड!” घरात इतक्या वर्षांत असं हसू नव्हतं. त्या हसण्यासाठी त्यांनी दहाच काय, शंभर टाकले असते.

दवाखान्यात मग एक छोटा कॅमेरा आला, पेनासारखा, तोंडात घालायचा. समोर टीव्ही आला. निधी नावाची नुकतीच पास झालेली डॉक्टर आली. चुणचुणीत, हाताला हलकी, महिन्याचं टार्गेट घेऊन काम करणारी. आणि शिबिरातून आणलेली एक युक्ती आली. कीड आहे, असं म्हणायचंच नाही. पेशंटचा दात टीव्हीवर अंगठ्याएवढा मोठा करून दाखवायचा, ‘तुम्हाला काय वाटतं?’ म्हणायचं, आणि गप्प बसायचं. काही झालं तरी आपण आधी बोलायचं नाही. पेशंटच बोलतो. तो जे बोलेल त्याला मान हलवायची.

बाईंनी हे करणार नाही म्हणून सांगितलं. मग एकदा केलं. मनवेलपाड्याचा एक शाळेतला क्लार्क होता. दाढेच्या खाचेत काळी रेघ, चाळिशीतल्या निम्म्या माणसांच्या दाढांत असते तशी. पूर्वी त्याला त्यांनी हसून घरी पाठवला असता. दारात संग्राम उभा होता. बाईंनी दाढ टीव्हीवर आणली, “तुम्हाला काय वाटतं?” म्हणाल्या आणि गप्प बसल्या. क्लार्कच्या कपाळाला घाम आला. “भरून टाका मॅडम,” तो म्हणाला, “नंतर वाढायला नको.” त्यांनी भरून टाकली. संध्याकाळी संग्रामनं भिंतीवर लावलेल्या कमाईच्या आलेखात रेघ वर चढवली आणि त्यांना मिठी मारली. बाईंना लाज वाटली. आणि गोडही वाटलं. त्या रात्री त्यांनी दोन्ही गोष्टी पोटात ठेवल्या आणि झोपून गेल्या.

गल्ल्यात आता त्यांची दहाची नाणी पडेनाशी झाली होती.

पुतळाआत्या या सगळ्यात कुठं होती, तर निर्मळला, आपल्या फुलांच्या वाडीत. बाईंच्या वडिलांची धाकटी बहीण. तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली आणि आईविना वाढणाऱ्या सरूला तिनंच हाताखाली घेतलं. लहानपणी सरूनं शेजारच्या वाडीतले पेरू चोरले, की आत्या तिची हनुवटी वर करून नुसती बघायची. सरू खोटं बोलायला लागली की तिचा हात आपसूक कानाच्या पाळीकडे जायचा. “कानाला हात नको लावू, पेरू काढ,” आत्या म्हणायची. डॉक्टर झालेल्या सरूचा हा हात आता कुणाला ओळखू येत नव्हता. ज्यांना यायचा, त्यातली आत्याच काय ती उरली होती.

आत्याचे दात म्हणजे कोरून ठेवावेत असे. खोबरं दातानं फोडायची. फक्त मशेरीची सवय. भाजलेल्या तंबाखूची पूड, सकाळी दातांना घासायची, आणि मग दिवसातून चार वेळा एक चिमूट खालच्या ओठाच्या आत धरून ठेवायची. समोरच्या खालच्या दातांवर त्यानं काळ्या रेघा चढायच्या. दर वर्षी दिवाळीआधी ती परडीभर सोनचाफा घेऊन दवाखान्यात यायची. बाई त्या रेघा खरवडून काढायच्या, मशेरी सोड म्हणून रागवायच्या, आत्या सोडते म्हणायची आणि सोडायची नाही. “दात कसं हायेत?” “दगड आहेत, आत्या. राहू देत.” परत जाताना आत्या जिन्यातल्या लोकांनाही फुलं वाटत जायची.

त्या वर्षी बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन, मग दुसऱ्याचं. त्या दीड-दोन महिने घरी बसल्या. दवाखाना निधी आणि संग्राम बघत होते. त्या परत गेल्या त्या दिवशी त्यांना सगळं लखलखीत दिसत होतं. टेबलावरची धूळ दिसत होती, रोझलिनचे पिकलेले केस दिसत होते. आणि भिंतीवरचं नवं पोस्टर दिसलं. दोन फोटो शेजारी शेजारी. चेहरा नव्हता, फक्त ओठ आणि दात. आधी काळे, नंतर पांढरेशुभ्र. खाली मोठ्या अक्षरात ‘हसू परत मिळवा’. बाई पुढे जाणार, तोच त्यांना हनुवटी दिसली. हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके.

“संग्राम, हे काय आहे?”

“सरप्राइज!” तो मागून आला. “आजी आली होती फुलं घेऊन. म्हटलं, बस जरा, कॅमेरा बघ. आणि पैसे नाही घेतले हां आई, एक रुपया नाही. फक्त फोटो घेतला. मस्त आलाय ना?”

“तिच्या दातांना काही झालेलं नव्हतं.”

संग्रामनं निधीकडे बघितलं. निधी गोंधळली. “मॅम, मी कीड म्हणालेच नाही. मी फक्त दाखवलं आणि विचारलं. आजीच घाबरल्या. ही सगळी कीड का गो, म्हणाल्या. मी मान हलवली.” आणि मग हळू आवाजात, “तसंच करायचं असतं ना?”

खोटं कुणीच बोललं नव्हतं. शिबिरात शिकवल्याप्रमाणे सगळे गप्प बसले होते. एका बाईला तिचीच मशेरी अंगठ्याएवढी करून दाखवली होती, आणि ती घाबरेपर्यंत वाट बघितली होती. मग दगडासारखे चार दात कानस लावून खुंट्यांएवढे बारीक केले होते आणि त्यांवर टोप्या चढवल्या होत्या. खरवडून निघाली असती ती गोष्ट. बाईंना निधीला हाकलून द्यायचं होतं, तो टीव्ही खिडकीतून खाली फेकायचा होता, पोराच्या एक कानफटात मारायची होती. त्या वळल्या. संग्रामचा चेहरा उतरला होता. डोळ्यांत ते जुनं काहीतरी येत होतं, पडदे ओढलेल्या खोलीतलं.

“पोस्टर काढ,” बाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. गल्लाही काढ, असं म्हणायचं होतं, ते राहिलं.

आत्या त्याच आठवड्यात आली. खुर्चीत बसली, आ केला. टोप्या नीट बसल्या होत्या. निधीच्या कामात नाव ठेवायला जागा नव्हती. बाईंनी आरसा बाहेर काढला, तेव्हा आत्यानं त्यांचं मनगट धरलं.

“सरू, एक विचारू? वरसानुवरसं तू माजे दात बघलंस. दर येली बोललीस, दगड हायेत, राहू देत. आनि या पोरीनं टीवीवर दावलं तर आख्खी रांग काली. मंग ती कीड तवा पन व्हती, का आता आली?”

प्रश्न सरळ होता. त्याला उत्तरं दोनच होती, आणि दोन्हींत कुणीतरी खोटं ठरत होतं. काचेपलीकडे संग्राम फोनवर कुणालातरी हसत वेळ देत होता.

“तेव्हा दिसत नव्हती, आत्या,” बाई म्हणाल्या. “आता मशीन आलंय ना.”

हात कानाच्या पाळीवर होता. तो तिथं कधी गेला, त्यांना कळलं नाही. आत्याला कळलं. तिनं त्या हाताकडे बघितलं.

“बरं,” ती म्हणाली. जाताना फुलांची परडी उघडून टेबलावर ठेवली. नेहमीसारखी जिन्यात वाटली नाही.

बाहेर रोझलिननं कुरियरवाल्याला ‘राहू दे, मी सही करते’ म्हटलं आणि जीभ चावून गल्ल्यात दहा टाकले. “ह्ये काय गो?” आत्यानं विचारलं. रोझलिननं नियम सांगितला. आत्या हसली नाही. “म्हंजे हतं राहू दे बोललं तर दंड,” ती म्हणाली आणि जिना उतरली.

निर्मळहून येणारी माणसं मग कमी झाली. एकदम नाही. आधी एक घर, मग दुसरं. आत्या कुणाला काही बोलली असेल असं बाईंना वाटत नव्हतं; तिच्या तोंडातले पांढरे दात सगळं गाव बघतच होतं, आणि दगड कसे होते तेही गावाला माहीत होतं. संग्रामच्या आलेखात यातलं काही दिसलं नाही. नव्या टॉवरांतली माणसं येत होती, ती टीव्हीकडे बघून पटापट हो म्हणत होती. रेघ चढतच होती. संग्रामचं लग्न ठरायची बोलणी सुरू झाली. बाईंनी देवापुढं हात जोडले, आणि देवाच्या डोळ्याला डोळा देणं टाळलं.

पुढची दिवाळी आली. सोनचाफा आला नाही.

कार्तिकात निर्मळची यात्रा भरली, तेव्हा बाई माहेरी गेल्या. आत्यानं जेवायला वाढलं, काही मागचं काढलं नाही. पण जेवताना ती घास एका बाजूनं चावत होती आणि आमटीचा भुरका घेताना ओठ आक्रसत होती. तीस वर्षं माणसांची तोंडं बघितलेल्या बाईच्या हातातला घास हातातच राहिला.

“तोंड भाजतंय तुझं?”

“तिखट झालाय.”

“आ कर.”

“जेव गो आधी.”

शेवटी हातापाया पडून, रिक्षात घालून बाईंनी तिला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आणलं. निधीला बाहेर थांबवलं. टीव्ही बंद ठेवला. खालचा ओठ खाली ओढला, आणि जिथं आत्या वर्षानुवर्षं मशेरीची चिमूट धरत आली होती तिथं दिव्याचा झोत नेला. पांढरा चट्टा होता. मधोमध लाल, कडा उचललेली. बोट लावलं, तर खालचं मांस कडक लागलं. बॅप्टिस्टच्या गालात लागलं होतं तसंच. त्याहून मोठं.

नव्या डोळ्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं.

बाईंनी हातमोजा काढला नाही. त्या स्टुलावर बसल्या, आत्याच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाल्या, “आत्या, हे नाही राहू द्यायचं.”

या वाक्यावर माणसं पहाटेची गाडी धरायची. आत्यानं ओठ पुसला.

“टीवी नाय लावलास?”

“टीव्ही नको. तू माझं ऐक. उद्या परळला जाऊ. मी येते बरोबर, गाडी करू. तुकडा काढून तपासतील. वेळेत गेलं तर बरं होतं. बॅप्टिस्ट गेला ना? बघ, अजून वाजवतोय.”

“बॅप्टिस्टला तू कवा खोटं नाय बोललीस.”

मग बाईंनी सगळं सांगून टाकलं. दातांना काही नव्हतं, ती मशेरी होती, खरवडली असती तरी चाललं असतं. पोराचा चेहरा बघितला आणि खरं बोलायची हिंमत झाली नाही. सांगताना त्यांना रडू आलं. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले होते, कानाकडे जाऊ नयेत म्हणून. “तेव्हा खोटं बोलले गं मी. पण आता खरं सांगतेय. आईची शपथ, खरं सांगतेय.”

आत्यानं पुढं होऊन पदरानं त्यांचे डोळे पुसले. लहानपणी पुसायची तसेच. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि बाईंना त्याचीच जास्त भीती वाटली.

“मना ठावं व्हतं,” ती म्हणाली. “पोरासाठी बोललीस. मी पन बोलली असती.” मग ती खुर्चीतून उतरली, चपला पायांनी चाचपडल्या. “पन आता मना कसं कलनार गो, कंचं खरं? तवा पन तू डाक्टरच व्हतीस. तवा पन ह्योच पांढरा डगला व्हता. हात तर आज तू लपवून बसलीस. माजे दगडासारखे दात गेले. आता ओठ कापतील, गाल कापतील. नाय बाय.”

“आत्या, दुसऱ्या डॉक्टरला दाखव. माझ्यावर नको विश्वास ठेवू. कुणालाही दाखव.”

“सगल्यांकडं टीवी हाय.” ती दाराशी गेली आणि मागं वळून मायेनं म्हणाली, “राहू दे, सरू.”

दार उघडंच होतं. टेबलापाशी संग्राम नव्या पेशंटची नावं बघत होता. त्याला बाकी काही ऐकू गेलं नव्हतं. तेवढेच दोन शब्द गेले. सवयीनं त्याचा हात गल्ल्याकडे गेला आणि त्यानं तो खुळखुळवला.

“आजी! दंड!”

रोझलिननं मान खाली घातली. आत्या थांबली. तिनं पदराची गाठ सोडली, घडी घातलेली दहाची नोट काढली, ती उलगडून नीट सरळ केली आणि दाढेच्या वरच्या फटीतून आत सरकवली.

“भरला रे बाबा,” ती म्हणाली. कठडा धरून ती एकेक पायरी उतरू लागली.

“आत्या!” बाई दारात आल्या. हातमोजे तसेच होते. आत्यानं वळून न बघता हात वर केला आणि जिन्याच्या वळणावर दिसेनाशी झाली.

“आजी भारी आहे हां,” संग्राम हसत म्हणाला. त्यानं गल्ला जागेवर ठेवला आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.